ब्रसेल्स स्प्राउट्सचे खमंग तोंडीलावणे कसे करावे?

ओवी, लीड्स

नमस्कार. इथे ऑक्टोबर सुरू झाला की भाजीच्या दुकानांत ब्रसेल्स स्प्राउट्सचे, म्हणजे इवल्या कोबीसारख्या गड्ड्यांचे, ढीग दिसू लागतात आणि नाताळाच्या सुमारास तर लांब दांड्याला लगडलेले अखंड स्प्राउट्सही विकायला येतात. भाजी ताजी, स्वस्त आणि ऐन हंगामातली असल्यामुळे ती वारंवार आणावीशी वाटते. मात्र वरण-भाताबरोबर किंवा पोळीबरोबर घरातल्या सर्वांनी मागून घ्यावी अशी ती कशी करावी, याची खात्रीची रीत मला हवी आहे.

आमच्याकडे कोबीची भाजी ज्या रीतीने होते, म्हणजे मोहरी-हिंग-हळदीची फोडणी, त्यात भिजवलेली हरभऱ्याची डाळ, झाकणावर पाणी ठेवून मंद आचेवर दणदणीत वाफ आणि वरून ओले खोबरे-कोथिंबीर, त्याच रीतीने मी स्प्राउट्सही करते. कोबीला ही रीत उत्तम मानवते, पण स्प्राउट्सना ती मानवत नाही असे दिसते. अर्धे चिरून घातलेल्या गड्ड्यांची बाहेरची पाने लगदा होईपर्यंत शिजतात, हिरवा रंग जाऊन शेवाळी छटा येते आणि तरीही देठाजवळचा भाग दाताखाली कच्चाच लागतो. झाकण उघडताच येणारा उग्र वास संध्याकाळपर्यंत घरात राहतो. चवीत एक कडवटपणा मागे रेंगाळतो, आणि विशेष म्हणजे माझ्या यजमानांना तो जाणवतही नाही, मुलीला मात्र पहिल्याच घासाला जाणवतो. एकाच पातेल्यातली भाजी दोघांना इतकी वेगळी का लागावी?

इथल्या बहुतेक पाककृतींत बेकन किंवा भरपूर लसूण असतो. हंगाम आणि मार्गशीर्षातले गुरुवार एकत्र येतात, त्यामुळे कांदा-लसूण नसलेला एखादा प्रकार मिळाला तर फार बरे होईल. नाताळच्या दुपारी शेजारचे इंग्रज कुटुंब आमच्याकडे जेवायला असते. त्यांच्याही पानात वाढता येईल आणि आपल्या फोडणीलाही धरून असेल, असे काही कोणी नियमित करत असल्यास कृपया सविस्तर लिहावे. कारल्याप्रमाणे चिरून, मीठ लावून ठेवल्याने कडवटपणा कमी होतो का, हेही सांगावे.

सागरवेळा, सांताक्रूझ, कॅलिफोर्निया

ओवीताई, नमस्कार. अमेरिकेत पिकणाऱ्या ब्रसेल्स स्प्राउट्सपैकी बहुतांश पीक आमच्या या किनारपट्टीवर, म्हणजे सॅन माटेओ, सांताक्रूझ आणि माँटेरे या परगण्यांत निघते. समुद्रावरून येणारे धुके आणि बाराही महिने टिकणारा गारवा त्याला मानवतो. शेतात उभे राहून पाहिले तर या भाजीचे वागणे बरेचसे उलगडते. कमरेपर्यंत वाढलेला एक जाड सरळ दांडा असतो, त्यावर छत्रीसारखी मोठी पाने, आणि प्रत्येक पानाच्या बगलेत एकेक गड्डा बसलेला. खालचे गड्डे आधी भरतात, वरचे मागाहून. म्हणून यंत्राने एकदम काढणी करायची असेल तेव्हा शेतकरी आधी शेंडा खुडतात, जेणेकरून सगळे गड्डे सारख्या आकाराचे व्हावेत. हा गड्डा म्हणजे वस्तुतः घट्ट मिटलेला कोंब. त्याचा गाभा दाट आणि बाहेरची पाने पातळ असतात, त्यामुळे मंद वाफेत बाहेरचा भाग गळून जातो आणि आतला तसाच राहतो. मोकळ्या चिरलेल्या कोबीला जी वाफ पुरते, ती इथे पुरत नाही आणि सोसतही नाही.

आता वास आणि कडवटपणा यांविषयी. कोबी, फुलकोबी, नवलकोल, ब्रोकोली आणि स्प्राउट्स ही सगळी एकाच वनस्पतिजातीची रूपे आहेत आणि त्या सर्वांत ग्लुकोसिनोलेट नावाची गंधकयुक्त द्रव्ये असतात. स्प्राउट्समध्ये त्यांचे प्रमाण अधिक असते, आणि त्यांपैकी सिनिग्रिन व प्रोगॉयट्रिन ही दोन द्रव्ये कडवटपणाला मुख्यतः कारणीभूत आहेत, हे १९९० च्या दशकात हान्स व्हान डोर्न या डच शास्त्रज्ञाने दाखवून दिले. त्यानंतर नेदरलँड्समधल्या बियाणे कंपन्यांनी जपून ठेवलेले जुने, कमी कडू वाण शोधून काढले आणि भरघोस पीक देणाऱ्या नव्या वाणांशी त्यांचा संकर केला. आज बाजारात मिळणारे स्प्राउट्स पूर्वीच्या मानाने सौम्य लागतात ते या कामामुळे. ज्यांनी तीस-चाळीस वर्षांपूर्वी ही भाजी एकदा खाऊन सोडून दिली, त्यांनी ती पुन्हा अवश्य खाऊन पाहावी, असे मी आग्रहाने सांगतो.

उग्र वासाचे कारण वेळेत आहे. गड्डा जितका जास्त वेळ ओल्या उष्णतेत राहील तितकी ही गंधकयुक्त द्रव्ये फुटत जातात, आणि झाकणाखाली कोंडलेली वाफ तो वास परत भाजीतच मुरवते. रंग जाण्याचे कारणही झाकणच आहे, कारण शिजताना भाजीतून सौम्य आम्ले बाहेर पडतात, ती वाफेबरोबर निघून गेली नाहीत तर पाच-सात मिनिटांपलीकडे हरितद्रव्याचा रंग शेवाळी होऊ लागतो. म्हणून या भाजीला कोरडी, कडक आणि थोडक्या वेळाची उष्णता हवी. पाण्याचा अंश असेपर्यंत पृष्ठभाग शंभर अंशांच्या वर जात नाही, आणि खरपूस तांबूस रंग व त्याबरोबर येणारी गोडसर चव साधारण १४० अंशांच्या पुढेच तयार होते. कडवटपणा यात पूर्णपणे नाहीसा होत नाही; त्याला खरपूस गोडीची आणि मिठाची जोड मिळते आणि मग तोच हवासा वाटतो.

माझी रीत अशी आहे. अर्धा किलो स्प्राउट्स घ्यावेत. शक्य तो लहान, हाताला घट्ट आणि आकाराच्या मानाने जड लागणारे, देठाचा काप पांढरा असलेले. देठाची अगदी पातळ चकती कापावी, फार खोल कापल्यास पाने सुटी होतात. मग देठातून उभे दोन भाग करावेत म्हणजे पाने गाभ्याला धरून राहतात. धुऊन स्वच्छ पंचावर चांगले कोरडे करावेत. ही पायरी कोणी गाळू नये. ओव्हन २२० अंश सेल्सिअसला, पंख्याचा असल्यास २०० ला, आणि रिकामा ट्रे आतच तापत ठेवावा. स्प्राउट्सना दोन मोठे चमचे तेल आणि पाऊण चमचा मीठ ऐन वेळी चोळावे, तापलेल्या ट्रेवर कापलेली बाजू खाली करून एकेक ठेवावेत आणि त्यांच्यामध्ये थोडी जागा सोडावी. गर्दी केली की ते स्वतःच्याच वाफेत उकडतात. १८ ते २२ मिनिटांत कापलेली बाजू गडद तांबूस होते, सुटलेली पाने कुरकुरीत होतात आणि देठात सुरी सहज जाते. मधे हलवण्याची गरज नाही.

फोडणी शेवटी, आणि वेगळी. एक मोठा चमचा तेल, अर्धा चमचा मोहरी, तडतडल्यावर एक चमचा उडदाची डाळ तांबूस होईपर्यंत, मग दोन सुक्या मिरच्या, आठ-दहा कढीपत्त्याची पाने, पाव चमचा हिंग आणि चिमूटभर हळद. ही फोडणी ओव्हनमधून काढलेल्या स्प्राउट्सवर ओतावी, वरून मूठभर ओले खोबरे आणि वाढताना लिंबू. लाल तिखट आणि लसूण २२० अंशांना करपून कडू होतात, म्हणून ते ट्रेवर घालू नयेत. आपल्याला तर गुरुवारी लसूण नकोच आहे आणि हिंगाने त्याची उणीव जाणवत नाही. लिंबूही आधी पिळल्यास आंबटपणाने रंग उतरतो. मीठ लावून ठेवण्याचा उपाय मात्र इथे करू नये, कारण घट्ट पानांच्या आत मीठ शिरत नाही आणि बाहेर सुटलेल्या पाण्यामुळे स्प्राउट्स खरपूस होत नाहीत.

यजमान आणि कन्या यांच्या चवीतल्या फरकाला शरीरशास्त्रीय कारण असू शकते. अशा गंधकयुक्त कडू द्रव्यांची जाणीव देणारा एक ग्राहक (रिसेप्टर) जिभेवर असतो आणि त्याच्या जनुकाची, टीएएस२आर३८ ची, वेगवेगळी रूपे माणसांत आढळतात. १९३१ मध्ये आर्थर फॉक्स या रसायनतज्ज्ञाच्या प्रयोगशाळेत एक भुकटी हवेत उडाली, तेव्हा सहकाऱ्याला ती अत्यंत कडू लागली आणि त्याला स्वतःला काहीच लागली नाही. या भेदाचा अभ्यास तिथून सुरू झाला. मुलीला कडू लागते ते खरोखरच लागत असणार. तिच्या वाट्याच्या स्प्राउट्सवर शेवटच्या तीन-चार मिनिटांत थोडा वितळवलेला गूळ घालावा. गोडाने आणि मिठाने कडू चव झाकली जाते.

पाणवठा, उट्रेख्ट, नेदरलँड्स

वरचा प्रतिसाद उत्तम आहे, तरी एका बाबतीत माझे मत वेगळे आहे. रोजच्या स्वयंपाकात चौघांच्या भाजीसाठी ओव्हन तापवत बसण्याची आवश्यकता नाही, आणि झाकणही सर्वस्वी वर्ज्य नाही. बिडाचा जाड तवा किंवा लोखंडी कढई असल्यास पंधरा मिनिटांच्या आत हीच चव मिळते, आणि माझ्या मते ती अधिक खमंग असते, कारण कापलेल्या बाजूचा तव्याशी थेट संपर्क येतो.

तवा चांगला तापवून त्यात दोन चमचे तेल घालावे आणि अर्धे केलेले स्प्राउट्स कापलेली बाजू खाली ठेवून मांडावेत. मध्यम-मोठ्या आचेवर चार-पाच मिनिटे त्यांना अजिबात हात लावू नये. एक उचलून पाहावा. शेंगदाण्याच्या सालीइतका तांबूस झाला असेल तर मीठ घालून दोन-तीन चमचे पाणी शिंपडावे आणि लगेच झाकण ठेवावे. दोन ते तीन मिनिटांत त्या वाफेने देठ शिजतो. मग झाकण काढून उरलेले पाणी आटवावे. एवढ्या थोड्या वेळाच्या झाकणाने ना रंग जातो ना वास कोंडतो. ओवीताईंच्या कोबीच्या रीतीत क्रम उलटा होता, खरपूस होण्याआधीच वाफ. स्प्राउट्समध्ये आधी खरपूस करणे आणि मग निमित्तापुरती वाफ, एवढा बदल केला की आपल्या कढईतही ही भाजी उत्तम होते. हरभऱ्याची डाळ घालायची असल्यास ती वेगळी वाफवून, बोटचेपी झाल्यावर, शेवटी मिसळावी. डाळ शिजेपर्यंत स्प्राउट्स थांबवले तर पुन्हा तोच लगदा होईल.

इकडच्या घरांतून स्प्राउट्स मिठाच्या पाण्यात उकडून, निथळून, लोण्यावर परततात आणि वर जायफळ किसतात. शिवाय उकडलेल्या बटाट्याबरोबर कुस्करून त्यांचा ‘स्टाम्पपॉट’ करतात, जो थंडीतले पोटभरीचे जेवण म्हणून घरोघरी होतो. जायफळाची ही जोड मला मनापासून पटली आहे. आपण जायफळ पुरणासाठी आणि श्रीखंडासाठी राखून ठेवतो, पण तुपावर जिरे तडतडवून त्यात परतलेले स्प्राउट्स, मिरपूड आणि नखभर जायफळ हे मिश्रण मऊ भाताबरोबर फार सुरेख लागते. कांदा-लसूण नाही, तिखट नाही, वडीलधाऱ्यांनाही चालते.

खरेदीविषयी एक गोष्ट जोडतो. चांगला गारठा पडून गेल्यावरचे स्प्राउट्स घ्यावेत. थंडीपासून बचाव करण्यासाठी झाड आपल्या पेशींत साखर वाढवते, त्यामुळे पेशीतले पाणी सहजासहजी गोठत नाही आणि आपल्याला गोडी मिळते. इथले म्हातारे शेतकरी हिमाची पहिली रात्र होऊन गेल्याशिवाय घरच्यासाठी स्प्राउट्स खुडत नाहीत. दांड्यावरचे मिळाले तर तेच घ्यावेत, कारण खुडलेल्या गड्ड्यांपेक्षा ते जास्त दिवस ताजे राहतात. आणि देठावर फुलीसारखी चीर देण्याची जी जुनी इंग्रजी पद्धत आहे ती सोडून द्यावी. चिरेतून पाणी आत शिरते आणि गड्डा पाणचट होतो.

चुलांगण, पुणे

परदेशातल्या दोघांनी शिजवण्याविषयी लिहिले आहे. मी तोंडीलावण्याच्या दोन प्रकारांविषयी लिहिते, त्यांतला पहिला न शिजवता होतो, कारण माझ्या मते आपल्या पानात या भाजीची खरी जागा डाव्या बाजूला, चटणी-कोशिंबिरीच्या रांगेत आहे. पुण्यात स्प्राउट्स हिवाळ्यात मिळतात. निलगिरीसारख्या थंड डोंगराळ भागांतून येतात, मोठ्या भाजी दुकानांत छोट्या पाकिटांतून विकले जातात आणि बरेचदा बाहेरची दोन-तीन पाने पिवळी पडलेली असतात. ती पाने काढल्यावर आतला गड्डा चांगला निघतो. महाग वस्तू असल्यामुळे पाव किलोत सहा माणसांना पुरेल असा प्रकार मी पसंत करते, आणि तो म्हणजे पचडी.

गड्डा देठाला धरून विळीवर किंवा धारदार सुरीने जितका बारीक चिरता येईल तितका चिरावा. देठाचा टणक भाग शेवटी टाकून द्यावा. चिरलेल्या पाव किलो स्प्राउट्सना अर्धा चमचा मीठ आणि अर्ध्या लिंबाचा रस घालून हलक्या हाताने चुरावे आणि दहा मिनिटे ठेवावे. इथे मीठ आधी लावणे योग्यच आहे, कारण आपल्याला खरपूसपणा नको आहे, पाने नरम पडायला हवी आहेत. मग तीन चमचे ओले खोबरे, दोन चमचे दाण्याचे जाडसर कूट, किंचित साखर, कोथिंबीर, आणि वरून मोहरी, हिंग, हळद, बारीक चिरलेली हिरवी मिरची यांची चरचरीत फोडणी. कूट अगदी वाढतेवेळी घालावे, नाहीतर ते पाणी शोषून पचडी चिकट होते.

दुसरा प्रकार मला अधिक मोलाचा वाटतो आणि त्यामागचे कारण सागरवेळा यांच्या लिहिण्यातच आलेले आहे. त्यांनी ज्या सिनिग्रिनचा उल्लेख केला, तेच द्रव्य काळ्या मोहरीतही असते. मोहरी अख्खी असताना तिला झणका नसतो. ती वाटून पाण्यात घोटली की तिच्यातले मायरोसिनेज नावाचे विकर (एन्झाइम) सिनिग्रिनवर काम करते आणि नाकात जाणारा तो तिखटपणा तयार होतो. आपल्या आज्या मोहरी फेसत असत ती हीच क्रिया. तापलेल्या तेलात मोहरी तडतडते तेव्हा उष्णतेने ते विकर निकामी होते, म्हणून फोडणीतली मोहरी खमंग लागते पण झणझणीत लागत नाही. कच्चा स्प्राउट चिरताना येणारा हलका मोहरीसारखा वासही याच क्रियेचा असतो. तेव्हा स्प्राउट्सना मोहरी फेसून लावणे म्हणजे त्यांच्याच अंगच्या चवीला पुढे आणणे होय, आणि खाताना ते लगेच पटते.

दोन चमचे मोहरी कोरडीच बारीक वाटावी. त्यात थंडच पाणी, गरम मुळीच नाही, चमचा-चमचा घालत खलात किंवा वाटीत चमच्याने एकाच दिशेने घोटावे. मिश्रण फिकट होऊन फुलते आणि वाटीवर नाक धरले की डोळ्यांत पाणी येते, तोवर घोटावे. आता त्यात मीठ, चमचाभर साखर आणि अर्धी वाटी घट्ट, फार आंबट नसलेले दही मिसळावे. दही सुरुवातीला घालू नये, कारण आंबटपणाने झणका तयार होण्याची क्रिया मंदावते. वर सांगितल्याप्रमाणे तव्यावर खरपूस केलेले पाव किलो स्प्राउट्स कोमट होऊ द्यावेत आणि मग या दह्यात घालावेत. गरम घातल्यास दही फुटते. केळ्याचे किंवा काकडीचे फेसलेल्या मोहरीचे रायते ज्यांना आवडते त्यांना हे नक्की आवडेल. इंग्रज पाहुण्यांनाही परके वाटणार नाही, कारण त्यांच्याकडची पिवळी मोहरीची पूडही थंड पाण्यात कालवूनच जेवणात घेतात.

एक सूचना काळजीपोटी लिहिते. शंभर ग्रॅम कच्च्या स्प्राउट्समध्ये साधारण १७७ मायक्रोग्रॅम ‘के’ जीवनसत्त्व असते. घरात कोणी वॉरफेरिनसारखे रक्त पातळ ठेवणारे औषध घेत असेल, तर ही भाजी एकाएकी रोज मोठ्या प्रमाणात सुरू करू नये. प्रमाण सारखे ठेवावे आणि डॉक्टरांना विचारून घ्यावे. बाकीच्यांना ‘क’ जीवनसत्त्वाचा हा उत्तम साठा आहे आणि पचडीत तो शिजून जात नाही.

ओवी, लीड्स

तिघांचेही मनःपूर्वक आभार. वाफेचा क्रम उलटा होता, हे वाचल्यावर बाकीच्या सगळ्या तक्रारींचे मूळ लक्षात आले. सासूबाई सध्या इथेच आहेत. फेसलेल्या मोहरीचे वर्णन त्यांना वाचून दाखवले, तेव्हा त्यांनी खल कुठे आहे असे विचारले, म्हणून या गुरुवारी रायतेच होईल.

नाताळच्या दिवसापुरत्या तीन शंका राहिल्या आहेत. त्या दुपारी ओव्हन बटाटे आणि पाहुण्यांसाठीच्या मुख्य पदार्थाने पूर्ण व्यापलेला असतो आणि गॅसवरही एकच शेगडी मोकळी मिळते, तेव्हा एक किलो स्प्राउट्सची किती तयारी आदल्या दिवशी करून ठेवता येईल? गोठवलेले स्प्राउट्स वापरले तर चालतील का? आणि उरलेल्या स्प्राउट्सचे दुसऱ्या दिवशी काय करावे?

पाणवठा, उट्रेख्ट, नेदरलँड्स

आदल्या दिवशी स्प्राउट्स साफ करून, अर्धे करून, कोरड्या पंचात गुंडाळून डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवता येतात. त्याने काहीही बिघडत नाही, उलट पृष्ठभाग अधिक कोरडा होतो आणि तव्यावर लवकर रंग धरतो. वेळ आणखी वाचवायचा असल्यास भरपूर उकळत्या, खारट पाण्यात झाकण न ठेवता दोनच मिनिटे बुडवून लगेच बर्फाच्या पाण्यात काढावेत, पूर्ण निथळावेत आणि मग फ्रीजमध्ये ठेवावेत. यामुळे रंग टिकतो, देठ अर्धा शिजतो आणि दुसऱ्या दिवशी फक्त खरपूस करणे उरते. बर्फाच्या पाण्यातून काढल्यावर कापलेली बाजू खाली करून चाळणीत तासभर ठेवावेत, कारण पानांच्या घड्यांत बरेच पाणी अडकते. एक किलोसाठी एकाच तव्यावर दोन घाणे काढावे लागतील. पहिला घाणा उघड्या ताटात काढावा, झाकून ठेवू नये, आणि वाढण्याच्या अगोदर दोन्ही घाणे एकत्र करून त्यांवर फोडणी घालावी.

पाहुण्यांच्या पानासाठी फोडणीत थोडा बदल सुचवतो. इंग्लंडात स्प्राउट्सबरोबर चेस्टनट घालण्याची जुनी रीत आहे आणि शिजवून बंद पाकिटांत भरलेले चेस्टनट नाताळात तिथे सर्वत्र मिळतात. ते जाडसर तोडून मोहरी, कढीपत्ता आणि सुक्या मिरचीच्या फोडणीत दोन मिनिटे परतावेत आणि मग स्प्राउट्सवर घालावेत. चेस्टनटची पिठूळ गोडी मोहरीच्या खमंगपणाशी फार चांगली जुळते आणि बेकनची आठवण कोणालाही होत नाही. खोबरे मात्र या प्रकारात नको, दोन गोड चवी एकमेकींना मारतात.

सागरवेळा, सांताक्रूझ, कॅलिफोर्निया

गोठवलेल्या स्प्राउट्सविषयी. ते गोठवण्यापूर्वी अर्धवट उकडलेले असतात आणि गोठताना त्यांच्या पेशी फुटतात, त्यामुळे ताज्यासारखे कुरकुरीत होणार नाहीत. नाताळच्या ताटासाठी ते घेऊ नयेत. एरवी रोजच्या जेवणात वापरायचे असल्यास वितळू न देता थेट तापलेल्या ट्रेवर २३० अंशांना घालावेत आणि पाणी आटून कडा तांबूस होईपर्यंत थांबावे. वितळवून घातल्यास ते पाण्यातच शिजतात. त्यांची रसभाजी अधिक चांगली होते: नारळाचे दूध, थोडी धने-जिऱ्याची पूड, दोन आमसुले, आणि स्प्राउट्स फक्त शेवटची चार-पाच मिनिटे. आमसुले आच बंद केल्यावर घातली तर उत्तम, कारण आंबट घालून फार उकळल्यास नारळाचे दूध फुटू शकते.

चुलांगण, पुणे

उरलेल्याचे उत्तर माझ्याकडून घ्यावे. इंग्रज घरांत नाताळच्या दुसऱ्या दिवशी उरलेले बटाटे आणि स्प्राउट्स एकत्र कुस्करून तव्यावर जाडसर थापतात आणि दोन्ही बाजूंनी खरपूस भाजतात. ते पाहून सासूबाईंना थालीपीठच आठवेल, आणि थालीपीठच करावे. उरलेले स्प्राउट्स बारीक चिरावेत, एक उकडलेला बटाटा किसून घालावा, ओवा, तीळ, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि मावेल तेवढी भाजणी मिसळावी. भाजणी नसेल तर ज्वारीचे आणि बेसनाचे पीठ दोनास एक या प्रमाणात चालते. मीठ जपून घालावे, कारण स्प्राउट्समध्ये ते आधीच आहे, आणि पाणी तर लागल्यासच, तेही चमच्याने, कारण बटाट्याच्या ओलाव्यातच पीठ बहुधा भिजते. थालीपीठ नेहमीपेक्षा थोडे जाड थापावे, मधे एक आणि कडेने चार भोके पाडून त्यांत तेल सोडावे आणि मंद आचेवर एक बाजू पूर्ण होईपर्यंत उलटू नये. बटाट्यामुळे ते मऊ असते आणि घाई केल्यास मधोमध तुटते. वर लोण्याचा गोळा ठेवावा. फेसलेल्या मोहरीचे दही उरले असेल तर तेच शेजारी वाढावे, मात्र दुसऱ्या दिवशी त्याचा झणका बराच उतरलेला असतो, तेव्हा त्यात थोडी ताजी मोहरी फेसून घालावी.